बसम्माचा ड्रम, अप्पांचा भुईमूग

देवणीजवळच्या आमच्या गावात पाऊस थांबला की सगळे आभाळाकडे बघतात. गुरुपादप्पा तेवढे मिशीवर हात फिरवून सांगतात, "मीच ताण देऊन राहिलो."

भुईमूग कोवळा असताना पाण्याचा थोडा ताण बसला तर फुलं एकदम लागतात, एवढं खरं आहे. अप्पांनी ते कुठंतरी ऐकलं आणि तेव्हापासून पावसाचा प्रत्येक खंड ते स्वतःच्या नावावर घेऊ लागले. त्यांचा बोअर आटला, तोही त्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी बंद ठेवला होता. मी त्यांचा शेजारी, बांधाला बांध लागलेला. त्यामुळे त्यांचं शहाणपण आधी माझ्या कानावर पडतं, मग गावाच्या.

गेल्या साली घराजवळच्या तुकड्यात त्यांनी घरचं बियाणं पेरलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बसम्मामावशीनं, माहेराहून आणलेलं. बारीक लाल दाण्याचं, पसरणाऱ्या वेलाचं. असलं आता बाजारात शोधून सापडत नाही. मावशी दरवर्षी त्यातलं डबाभर मागं ठेवायची. त्या साली अप्पांनी तो डबाही पेरून टाकला. "डब्यात काय वाढतंय? रानात वाढंल," म्हणाले. म्हणजे पीक गेलं असतं तर बियाणंही कायमचं गेलं असतं. त्या दिवसापासून मावशी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

श्रावण लागला आणि पावसानं ओढ दिली. वेल पिवळ्या फुलांनी भरले होते. भुईमुगाचं फूल वर लागतं आणि शेंग मातीत धरते. मधलं काम आऱ्यांचं. फूल सुकलं की दाभणासारखी आरी निघते, खाली वळते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग लागते. पण त्याला माती ओली पाहिजे. आमची माती वाळली की फरशी होते. आऱ्या बिचाऱ्या वरच लोंबकळू लागल्या.

अशा वेळी वेलांवरून रिकामा ड्रम फिरवायची आमच्याकडे रीत आहे. वजनानं वेल दबतात आणि आऱ्या मातीला टेकतात. अप्पांच्या घरात ड्रम एकच, निळा, आणि तो मावशीचा. टँकर आला की ती तो काठोकाठ भरायची, वर फळी ठेवायची आणि फळीवर दगड. हा बंदोबस्त कुत्र्यांसाठी नव्हता, अप्पांसाठी होता.

श्रावणी सोमवारी मावशी महादेवाला गेली. तेवढ्यात अप्पांनी दगड काढला, फळी काढली आणि ड्रम अंगणात आडवा केला.

मी बांधावरून म्हणालो, "अप्पा, पाणी चाललं की सगळं."

"रिकामाच फिरवायचा असतो," अप्पा म्हणाले. "रीत हाय."

आदल्या दिवशीच आलेलं टँकरचं पाणी उतारानं वाहून गेलं. मग अप्पांनी धोतर खोचलं आणि त्या फरशीवर ड्रम ढकलायला सुरुवात केली. गडगडाट असा झाला की पाऊस आला समजून दोघीतिघींनी वाळवण उचललं. वेल मोडले, आऱ्या वाकल्या, आत मात्र एकही गेली नाही.

मावशी परत आली तेव्हा अप्पा ड्रमला टेकून घाम पुसत होते. आता चांगलं भांडण होणार असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच थांबलो होतो. पण मावशी त्या दगडावर जाऊन बसली.

"पीक तहानंनं मरून राहिलंय," ती म्हणाली. "तुमी पाणी अंगणात वतलं आन् रिता ड्रम त्याच्या अंगावर फिरवला. माज्या मायचं बियाणं व्हतं ते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझी मला लाज वाटली. पुढचा टँकर येईपर्यंत अप्पा आमच्या हौदातून घागरी वाहत होते. त्या दिवसांत मीही त्यांची चेष्टा केली नाही.

गणपती उठल्यावर पाऊस आला, भरपूर आला. वेल हिरवेगार झाले, अप्पांचा हात पुन्हा मिशीवर गेला. "बग, ताणाचं फळ," मला म्हणाले. काढणीला त्यांनी पहिला वेल उपटला. वर पाल्याचा भारा, खाली नुसतं मूळ. दुसऱ्याला दोन शेंगा, त्याही पोचट. तिसऱ्याला हात लावायला ते धजेनात.

तेवढ्यात मावशीनं अंगणालगतच्या कोपऱ्यातला एक वेल उपटला. त्याला शेंगांचा घोस लागला होता. शेजारच्यालाही तसाच.

अप्पा पळत आले. "बगितलं का? ड्रम म्या हितूनच सुरू केला व्हता. हितं लई जोर व्हता माज्यात."

"हितं ड्रम रिता झाला व्हता," मावशी म्हणाली.

अप्पांनी शेंगांकडे पाहिलं, मग अंगणाच्या उताराकडे पाहिलं. मिशीकडे निघालेला हात त्यांनी खाली घेतला. त्या कोपऱ्यातली एकही शेंग कुणी तोंडात टाकली नाही. सगळ्या डब्यात गेल्या आणि डबा मावशीच्या ट्रंकेत गेला.

यंदा मावशीनं निम्मंच बियाणं पेरायला काढून दिलं. श्रावणात पावसानं पुन्हा दडी मारली, वेलांना आऱ्या सुटल्या आणि अप्पा पारावर बसून सांगू लागले, "मीच ताण देऊन राहिलो." मावशीनं घरातूनच हाक मारली. अप्पा उठून आले. ड्रमवरचा दगड तिनं स्वतः काढला, त्यांच्या हातात घागर दिली आणि वेलांकडे बोट दाखवलं. अप्पा गुमान एकेका वेलाच्या बुडाशी पाणी घालत गेले. ड्रमचा तळ दिसला, तेव्हा मावशीनं तो आडवा केला आणि पायानं त्यांच्याकडे ढकलला.

"आता फिरवा," ती म्हणाली.