मडमेच्या दगडापाशी ठेवलेलं बोळकं

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि मिस्टरांना वाचून दाखवून मनसोक्त हसते, हे आधीच कबूल करते. आमच्या घरी लिंबू-मिरची येते ती पोह्यांसाठी. दीपनगरच्या कॉलनीत राहते, मिस्टर वीजकेंद्राच्या प्लांटमध्ये आहेत, मी आठवी ते दहावीच्या सायन्सच्या शिकवण्या घेते. भूत-बित काही नसतं असं मुलांना ठणकावून सांगणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवून ठेवून जीव गुदमरायला लागलाय.

माझं माहेर फैजपूर-यावलच्या पट्ट्यात. केळीच्या बागा संपून सातपुडा सुरू होतो, तिथलं गाव. नाव देत नाही, कारण भाऊ तिथेच राहतो. गावाबाहेर गोऱ्यांचं जुनं कबरस्तान आहे. इंग्रजांच्या काळात तिथे पलटणीचा तळ होता म्हणे. त्यातली एक कबर मडमेची. बाळंतपणात बाळासकट गेली, असं जुनी माणसं सांगायची. तिच्या दगडावर एक झोपलेलं कोकरू कोरलंय.

आमच्याकडे तान्हं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. गावातली अशी लेकरं पिढ्यान् पिढ्या त्याच कबरस्तानात जायची, मडम सांभाळते म्हणून. पुरायला फक्त पुरुष जायचे. बायकांनी तिकडे फिरकायचंही नाही. आणि तिथे होतं तरी काय... वेड्या बाभळी आणि साप.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली आणि पाचवी पुजायच्या आधीच गेली. मी बाजेवर पडून होते. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून भाऊ तिला घेऊन गेला. परत आला, आंघोळ केली, माझ्या उशाशी बसला आणि म्हणाला, "नलू, मडमेच्या पायाशी ठेवली मी तिले. एकटी नही ती."

या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. पुढे मुलगा झाला, तो शिकला, आता पुण्यात नोकरीला आहे. सगळं छान आहे. पण कुठेही तान्हं बाळ पाहिलं की मला ते वाक्य आठवायचं आणि जरा बरं वाटायचं.

काही वर्षांपूर्वी गावाने त्या कबरस्तानाची बाग करायची ठरवली. पुढाकार भाऊचाच. बाभळी काढल्या, फिरायला ट्रॅक केला, पेव्हर ब्लॉक बसवले, मुलांसाठी झोके नि सी-सॉ आणले. फाटकावर 'ऐतिहासिक वारसा उद्यान' अशी पाटी लागली, खाली कोनशिलेवर भाऊचं नाव. आता रविवारी जळगाव-भुसावळहून गाड्या येतात. लोक कुणा कॅप्टनसाहेबाच्या कबरीला टेकून सेल्फी काढतात, केळीचे वेफर्स खातात, पिशव्या तिथेच टाकून जातात. कॅप्टन बिचारा काय बोलणार!

मला मात्र ती बाग म्हणजे देवाने दिलेली भेट वाटली. भाऊने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता... मडमेचा दगड स्वच्छ धुतलेला, भोवती छोटंसं कुंपण, शेजारी चाफ्याचं रोप. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या लेकीची जागा सांभाळून ठेवली. आता तू येऊ शकते.' मी ढसाढसा रडले. कॉलनीभर तो फोटो दाखवला. भाऊ असावा तर असा, म्हणत फिरले.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते — अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि ती आम्हा लेकींची दिवाळी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर सांजोरी आणि आंबा ठेवतात. उन्हाळ्यात त्यांना तहान लागू नये म्हणून. तान्ह्या लेकराची घागर भरायची रीत नाही. म्हणून मी कुंभाराकडून एक बोळकं आणलं, अगदी मुठीत मावेल एवढं. त्याला कोण नाही म्हणणार?

बागेतल्या माझ्या पहिल्या आखाजीला भाऊ मला घेऊन गेला. मडमेचा दगड बागेच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. मी बोळकं भरून पायाशी ठेवलं आणि इतक्या वर्षांचं रडून घेतलं. भाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. "रडू नको व नलू. अठीच हाय ती," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले तर बोळकं कोरडं ठणठणीत. नवीन मडकं झिरपतं, मला ठाऊक आहे. पण दगडापाशी ओलीचा मागमूस नव्हता आणि पार बागेच्या मध्यावर, सी-सॉच्या खालचे ब्लॉक ओले होते. भाऊ म्हणाला, "ठिबकची नळी गळत अशीन." मलाही पटलं. आणि न पटायला कारण तरी काय होतं?

गेल्या वर्षी मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. बोळकं आदल्या दिवशीच पाण्यात मुरवून, भरून पाहिलं. गळत नव्हतं. ठिबकचा व्हॉल्व्ह भाऊकडून बंद करून घेतला. सकाळी बोळकं ठेवलं. दुपारी बाग बंद असते, किल्ली भाऊकडे. घरी घागर पुजून झाली, मांडे आणि आमरसाचं ताट वाढून झालं, पण मला काही चैन पडेना. म्हटलं, आधी एकदा बघून येऊ. भाऊ आणि वहिनी सोबत आले.

बोळकं कोरडं होतं. सी-सॉखाली ताटाएवढा ओला गोल.

वैशाखातलं ऊन, ब्लॉक चपलेतूनही चटके देत होते. मी वाकून त्या गोलावर तळहात टेकवला. गार होतं... माठाच्या पोटाला हात लावावा तसं गार. पहिल्यांदा मला भीती वाटली. मी दगडाकडे परत गेले आणि बाटलीतलं पाणी दगडाच्या पायाशी ओतलं, हळूहळू, सगळं. माती भिजली नाही. धूळ होती तशी धूळच राहिली. आणि तिकडे, माझ्या डोळ्यांदेखत, सी-सॉखालचा गोल मोठा होत गेला.

"अवं माय..." वहिनींनी तोंडावर पदर धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी ओल्या जागेकडे बघत नव्हत्या. भाऊकडे बघत होत्या.

मी भाऊकडे वळले.

"भाऊ, हा दगड आधी कुठे होता?"

"अठीच होता."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

त्याने हात उचलला. अर्ध्यावर आला आणि खाली पडला. मग म्हणाला, "काय फरक पडते व नलू? मधली जागा सपाट लागत होती, पोरांची खेळणी बसवाले. दगडच त उचलला फक्त. खाली कोनी हात लावला नही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तू बाग होऊ दिली असती का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी नाही म्हणेन हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच कुंपण, म्हणूनच चाफा, म्हणूनच तो फोटो. वहिनी पुटपुटल्या, "मी म्हनलं होतं यांले, सांगून द्या नलूताईले." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. बहुतेक अख्ख्या गावाला ठाऊक असेल. बायकांना ती जागा कधी पाहूच दिली नव्हती, मग मला फसवणं किती सोपं! जिथे दगड दाखवला तिथे मी डोकं टेकलं. रिकाम्या मातीपुढे रडले. आणि माझी लेक तिकडे पोरांच्या धपाधप पायांखाली.

मी तशीच स्टँडवर गेले. ताट वाढलेलंच राहिलं. आखाजीला माहेराहून उपाशी जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच असेन.

या वर्षी जायचं नाही असं ठरवलं होतं. आखाजीच्या सकाळी वहिनींचा फोन आला, बागेतूनच. भाऊ पहाटेच बोळकं घेऊन बागेत गेला होता. सी-सॉखाली, खऱ्या जागेवर, त्याने स्वतः पाणी ओतलं. "ओतलं तसं नाहीसं झालं, ताई. डाग पडला नही. दोनदा ओतलं त्यायनं. अठी बसून रडू राह्यले. मामाचं पाणी घेत नही ती. तुम्ही या."

राग एकीकडे आणि वैशाखातलं ऊन एकीकडे. लेक तहानलेली असताना आई काय करणार? मी पहिली बस धरली. उतरले ती थेट बागेत गेले. भाऊ फाटकाशी उभा होता, आत आला नाही. मी सरळ सी-सॉपाशी गेले. मी पाणी ओतलं. ब्लॉक भिजले. हात ठेवला, गार होतं. बराच वेळ हात तिथेच ठेवून बसले. मग परतीच्या बसला बसले, भावाच्या घराचा उंबरा न ओलांडता.

मिस्टरांनी मला उतार, झिरपणं, जमिनीखालचे जुने नळ, सगळं समजावून पाहिलं. उतार उलट्या बाजूला आहे आणि नळ तिथे कधीच नव्हते. हा प्रकार काय होता, मला आजही सांगता येत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा.

पण खरं सांगू? पाण्याच्या विचाराने माझी झोप उडत नाही. झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. त्या पहिल्या आखाजीला, खोट्या जागेवर मी रडत असताना, भाऊचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. तो हात मला अजून आठवतो. एकदाही थरथरला नव्हता.