आरतीला ठेवायची जागा

भागूबाई नगरला आली ती कामासाठी नव्हे. काम तिला कुठंही मिळालं असतं. ती आली आरतीसाठी.

आरती तिची एकुलती एक लेक. अंगानं थोराड, वयानं विशीला टेकलेली, आणि समज मात्र तीन-चार वर्षांच्या पोरीची. शब्द मोजकेच यायचे तिला. आई, भाकर, गाडी, आणि राग आला की नुसताच एक लांब हुंकार. पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावात ही पोर वेगळी आहे याचं भागूबाईला कधी ओझं वाटलं नव्हतं. दिवाळी झाली की ती आणि नवरा सहादेव ऊसतोडीला निघायचे. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि त्यांच्या मधोमध आरती. फडात तिला वाढ्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या शेंड्यांच्या ढिगावर बसवलं की ती हिरवी पानं सोलत बसायची. टोळीतली एखादी म्हातारी, एखादी बाळंतीण, कुणी ना कुणी तिच्यावर नजर ठेवून असायचं. भूक लागली तर पाचटाच्या ज्या कोपीतून, ज्या झोपडीतून वास येईल तिथं ती जायची आणि तिला भाकर मिळायची.

एका हंगामात उसानं भरलेली ट्रॉली उलटली आणि सहादेव तिच्याखाली गेला. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते. एकटी बाई आणि वर अशी पोर, म्हटल्यावर त्यानं पुढच्या साली तिच्या दाराशी यायचंच सोडलं. गावातली ज्योती लग्न होऊन नगरला एमआयडीसीजवळ राहायला गेली होती. ती म्हणाली, "काकू, तिकडं अशा पोरींच्या शाळा हायेत. सरकारी लोक हायेत. हितं काय हाय?"

म्हणून भागूबाईनं नगरच्या बोल्हेगावात एका गल्लीत पत्र्याची खोली धरली. कामगारांच्या खानावळीत भांडी घासायचं काम लागलं. सकाळी जायचं ते दुपार कलल्यावर यायचं. ज्योतीच्या नवऱ्याची त्याच महिन्यात दुसरीकडं बदली झाली आणि ती गेली. आता एवढाच प्रश्न उरला की तेवढा वेळ आरतीला ठेवायचं कुठं.

शाळा खरंच होती. रंगीत भिंती, झोपाळा, आणि आरतीसारखीच पण लहान लहान मुलं. मुख्याध्यापिका बोलायला गोड होत्या.

"आम्ही अठरापर्यंतच घेतो. लहान असताना आणायला हवी होती तुम्ही."

"लहान हुती तवा आमी फडात हुतो, बाई."

"मग आता काय करणार?" असं म्हणून त्यांनी मोठ्या मुलांच्या एका केंद्राचा पत्ता दिला.

त्या केंद्रात कागदी पिशव्या करायला शिकवत. आरतीनं खळ चाटली आणि बसल्या जागी कपडे ओले केले. आठवडाभर त्यांनी सोसलं, मग तिथल्या साहेबांनी सांगितलं, "ज्यांना आपलं आपण करता येतं त्यांच्यासाठी आहे हे."

"तिला आपलं आपन करता आलं असतं तर मी हितं कशाला आनली असती?"

साहेब हसले. त्यांना ते बोलणं खरोखरच गमतीचं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडी होती. तिथली सेविका रोहिणी विशीपंचविशीची, मनानं हळवी. तिनं वर विचारलंच नाही. "बसू दे, मावशी. मुलं पण खेळतील तिच्याशी." आणि मुलं खेळलीही. आरती मधोमध फतकल मारून बसायची आणि पोरं तिच्या अंगाखांद्यावर चढायची. ते दिवस भागूबाईच्या आयुष्यातले हलके दिवस होते. खानावळीत भांडी घासताना ती गुणगुणते हे आचाऱ्याच्या लक्षात आलं होतं.

मग एका दिवशी आरतीनं एका पोराला मिठी मारली आणि सोडेना. पोर रडलं, तशी ती आणखी घट्ट धरायला लागली, कारण रडणाऱ्याला धरायचं एवढंच तिला आईकडून कळलं होतं. पोराच्या दंडावर वळ उठले. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या दारात बायका जमल्या. सगळ्यांत पुढं शुभांगी, भागूबाईच्या समोरच्या दुमजली घरातली, बचत गटाची अध्यक्ष. तिचं पोर त्या अंगणवाडीत नव्हतंच.

"उद्या तिनं कुणाचा गळा दाबला तर जबाबदार कोण?" ती रोहिणीला म्हणाली. रोहिणीची नोकरी मानधनावरची. तिनं आरतीच्या चपला शोधून दारात आणून ठेवल्या.

भागूबाईनं आरतीचा हात धरला. जाता जाता तिनं शुभांगीलाच विचारलं, "ताई, तुमचा येवढा बायांचा गट हाय. चार जनी मिळून घटकाघटका बगितलं तर न्हाई का व्हनार?"

"अहो, आमचा गट पापडाचा आहे," शुभांगी म्हणाली. "गावाकडंच का नाही ठेवत तिला? गावात मोकळं असतं."

शेवटची जागा होती ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र. नगरसेवकाच्या निधीतून झालेलं, फरशी, पंखे, संडास-बाथरूम सगळं. सकाळी आणि संध्याकाळी म्हातारी माणसं येत. मधला सगळा वेळ ते कुलपात असे. केंद्राचे अध्यक्ष रंभाजीअण्णा निवृत्त माणूस, गल्लीत शब्दाला वजन. भागूबाई त्यांच्या पाया पडली.

"तेवढ्या मधल्या येळापुरतं, अण्णा. मी रोज झाडून-पुसून घेईन. पोरगी कुनाला काय करत न्हाई. नुसती बसती."

अण्णांनी तिला उठवलं, पाणी दिलं. "बाई, माझा जीव तुटतो. पण ही जागा ज्येष्ठांची. एकाला दिली की दहा येतील. आणि वास येतो गं तिला. माणसं येतात इथं."

त्यानंतर भागूबाईनं विचारायचं बंद केलं.

तिनं जुनं नऊवारी लुगडं फाडलं, त्याचा पीळ केला, एक टोक आरतीच्या कमरेला आणि दुसरं लोखंडी खाटेच्या पायाला. मोरीपर्यंत जाता येईल एवढं लांब, दारापर्यंत पोचणार नाही एवढं आखूड. पहिल्या दिवशी आरतीला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी आई दाराकडं वळली तसा तिनं तो लांब हुंकार काढला. भागूबाईनं बाहेरून कडी लावली आणि ती भराभरा चालत सुटली.

उन्हाळा लागला. पत्रा तापायचा. आरती हाका मारायची, आई, आई, आणि मग नुसताच आवाज. गल्लीला तो रोज ऐकू जायचा. शुभांगीनं आपल्या घराच्या खिडकीला काच बसवून घेतली. रोहिणी अंगणवाडी सुटल्यावर खिडकीतून कधी पाणी, कधी खिचडी द्यायची आणि कुणी बघायच्या आत निघून जायची.

नितीन नावाचा एक तरुण त्या भागात समाजकार्य करायचा. रक्तदान, झाडं लावणं, सगळ्याचे व्हिडिओ. येत्या महापालिका निवडणुकीत त्याला उभं राहायचं होतं. त्यानं मोबाईल खिडकीच्या गजातून आत धरला. आरती मोबाईलकडं बघून हसली. पण हसू त्याला नको होतं; तो लुगड्याचा पीळ दिसेल अशा बाजूला सरकला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्यात फिरला. जन्मदात्रीनंच लेकीला जनावरासारखं बांधलं, असं त्याखाली लिहिलं होतं.

भागूबाई कामावरून आली तेव्हा गल्लीत पोलिसांची जीप उभी होती. ज्या गल्लीत तिच्या पोरीसाठी माणूस मिळत नव्हतं तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाईनं तिच्या तोंडात मारली. ती कोण होती हे भागूबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. शुभांगी नितीननं धरलेल्या माईकसमोर सांगत होती, "आम्ही किती वेळा समजावलं, पण बाईचं काळीज दगडाचं." रंभाजीअण्णा खेदानं मान हलवत होते. रोहिणी काहीतरी बोलायला पुढं झाली, तर नितीननं तिला हातानंच मागं सारलं. "ताई, फ्रेममध्ये येऊ नका."

ठाण्यात भागूबाईला समजही दिली आणि शिव्याही. आरतीला त्यांनी आधीच ताब्यात घेतलं होतं. मग भागूबाईला समाजकल्याणच्या कार्यालयात नेलं. तिथल्या अधिकारी बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, "मुलगी परत हवी असेल तर एकच सांगा. तुम्ही कामावर गेलात की तिला कुठं ठेवाल?"

भागूबाईनं मागं वळून बघितलं. जबाब द्यायला आलेली गल्ली बाकावर बसली होती. अण्णा चष्मा पुसत होते.

"मला ठावं न्हाई, बाई," ती म्हणाली.

आरतीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत पाठवायचं ठरलं. न्यायला पांढरी गाडी आली. गाडी म्हटलं की आरतीला उधाण यायचं. ती आपणहून चढली, खिडकीशी बसली आणि आईसाठी शेजारची जागा थोपटायला लागली. दार लागलं. गाडी हलली तरी ती थोपटतच होती.

नितीनचा चौकात सत्कार झाला. शाल, नारळ, फटाके. त्याच आठवड्यात शुभांगी भागूबाईच्या दारात आली. आवाजात माया होती.

"आता तुम्ही मोकळ्या झालात. आमच्याकडची धुणीभांडी घ्याल का? समोरच तर आहे."

भागूबाईनं ते काम धरलं. खानावळीनं व्हिडिओ बघून तिला काढलं होतं, आणि संस्थेपर्यंतच्या एसटीला पैसे लागत होते.

पहिल्या भेटीत तिनं लेकीला ओळखलंच नाही. डोकं भादरलेलं, अंगात सगळ्यांसारखाच निळा झगा. आरतीनं मात्र तिला लांबूनच ओळखलं. ती धावत आली आणि तिनं आईच्या पदराची गाठ मारली, स्वतःच्या झग्याला. निघताना ती गाठ सोडवायला दोन बाया लागल्या.

दुसऱ्या भेटीनंतर तिथल्या काळजीवाहू बाईनं तिला बाजूला घेतलं. "मावशी, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की ती खात नाही. फाटकाशी बसून राहते. मग आम्हाला तिला आत बांधून ठेवावं लागतं."

"बांदून?"

"पट्टा असतो. तसा परवाना आहे आमच्याकडं."

त्यानंतर भागूबाई गेली नाही. रविवारी ती अंगणवाडीच्या मागं रोहिणीच्या मोबाईलवरून फोन लावून घेते आणि एवढंच विचारते, "जेवली का?" पलीकडून हो म्हणतात. एकदा मागून आरतीचा आवाज आला, तेव्हा भागूबाईनं तोंडावर पदर दाबून धरला आणि आपला आवाज तिकडं जायच्या आत रोहिणीला खुणेनं फोन बंद करायला सांगितलं.