फोटो नसलेली गोळी

बायकोच्या फिटच्या गोळ्या नऊ उरल्या होत्या आणि कामरगावच्या मेडिकलवाल्यानं हात वर केले. "वरूनच माल येऊन नाही राह्यला." कारंज्यातही तेच उत्तर. गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची. मागे एकदा चुकली, तेव्हा ती शेगडीपुढेच कोसळली होती. ते पुन्हा बघायची माझी छाती नाही.

पण मी पडलो गावचा बोलघेवडा. मोबाइल नाटकातल्या राजाच्या तलवारीसारखा उंच धरून मी अंगणात घोषणा केली, "आता औषध घरपोच!" आवाज खणखणीत होता.

अ‍ॅपवर गोळीचं नाव टाकलं. नावापुढे नुसता राखाडी चौकोन, फोटो नाही. खाली मात्र एक टकले आजोबा बाटली धरून हसत होते. बाटलीनं काय बरं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त 'डोकं शांत, घर शांत'. बाकीचं आजोबा डोळ्यांनी सांगत होते.

आमच्या गावातल्या किराणा दुकानात जो माल आहे त्याचं पाकीट दोरीला लटकतं. संपलं की उतरतं. लटकत नाही त्याबद्दल कोणी विचारतही नाही. मी तीच रीत अ‍ॅपला लावली. फोटो नाही, म्हणजे गोळी संपली! घाबरून आजोबांची बाटली मागवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मोबाइल बघितला.

"हे काय मागवलं?"

"गोळी संपली त्यायच्याकडची. फोटोच नाही."

"फोटो नाही म्हणजे गोळी नाही? माहा फोटो कुठी टांगला हाय भितीवर? मी नाही काय घरात?"

तिनंच अ‍ॅपवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, चिठ्ठीच्या औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, म्हणून आम्ही फोटो लावत नाही. गोळी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा."

तिनं लगेच चिठ्ठीचा फोटो पाठवून गोळ्या मागवल्या. नियम चांगलाच आहे. असल्या गोळ्या चॉकलेटसारख्या विकल्या जाऊ नयेत. पण खऱ्या गोळीनं तोंड झाकून बसायचं आणि आजोबांनी मात्र खुशाल हसायचं, यात माझ्यासारख्या शहाण्याचा एक दिवस गेला होता. आणि डबीत दिवस मोजकेच होते.

गुरुवारी बाटलीवर बसून आजोबा आले. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवलं. गोळ्या काही आल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी तिनं शेवटची घेतली आणि रिकामी डबी धुऊन पालथी घातली, जणू काही झालंच नाही.

शनिवारी सकाळी मी तिला शेगडीजवळ जाऊ दिलं नाही. शेजारच्या वहिनीला तिच्याजवळ बसवलं आणि कामरगावच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. ओळखीचे लोक म्हणाले, "भाऊ, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या!" मला एकही आठवेना. दहा वाजता कुरिअरवाला आला. पुडकं मी तिथेच दातांनी फोडलं, नाव तीनदा वाचलं आणि गाडीला किक मारली.

ती घरापुढच्या ओट्यावर वहिनीशी बोलत तूर निवडत होती. गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायली. मी समोर उभा राहून तिच्या बोटांकडे बघत होतो. सुपातली तूर निवडण्यापुरतीच हलत आहेत ना, एवढंच.

"काय पाहून राह्यले असे?" ती म्हणाली. "फोटो काढता का माहा?"

मी खरंच काढला.