बेआटरावांचे दुप्पट कण

आमच्या आंदरमाट गावचे बेआटराव, ढगात ज्यांच्यावर बर्फ धरतं ते हवेतले कण मोजायचं यंत्र बनवतात. त्यांचं यंत्र कपाटाएवढं; त्यांच्याच शिष्येनं, सेराइनानं, मात्र पाठीवरच्या पिशवीत मावेल असं स्वतःचं केलं. स्वारी जळून खाक! डोंगरावरच्या वेधशाळेत एकच यंत्र जाणार, म्हणून त्यांनीही इवलंसं केलं. पण यंत्र थंड करण्याआधी त्याच्या आतल्या भिंती कोरड्या करायच्या असतात, ते चाचणीच्या घाईत राहिलं.

“बघ पोरी, तुझ्या दुप्पट कण!”

“सर, आता गाळलेली हवा सोडा ना.”

कण नसलेल्या हवेतही आकडा तस्साच! ओल्या भिंतींवर धरलेलं हिमच झडून कण म्हणून मोजलं जात होतं.

मी म्हटलं, “बेआटराव, घाई मात्र अचूक मोजलीत!”

सेराइनाचं यंत्र वर निघालं. पिशवी बेआटरावांनीच पाठीला लावली.

“मदत करताय?” मी विचारलं.

“छे! किती हलकं केलंय, ते बघतोय.”