पालथा हात

सगळ्या जगाच्या हाताला दोन बाजू असतात. माझ्या मावशीच्या यजमानांच्या हाताला एकच होती, पालथी. दाराची कडी असो, पितळी डबा असो, शेजाऱ्यांची नवी सायकल असो, काका आधी तिला बोटांची मागची बाजू लावून पाहत आणि मगच धरत. वीज खात्यात त्यांचा जन्म गेला होता. ते सांगत, "तळहात लावला आन् करंट असला, तर मूठ आवळती, सुटत न्हाई. पालथा लावला तर हात आपसूक मागं येतो." हे खरंच आहे, पण काका ते एसटीच्या दांड्यालाही लागू करत. रेणापूरच्या स्टँडवर एकदा कंडक्टर ओरडला, "चढा की वो काका, गाडी हाय, लाथ मारणारी म्हैस न्हाई!" काकांनी दांडा तपासला आणि शांतपणे चढले. पुतण्याच्या लग्नात नव्या सुनेलाही त्यांनी पालथ्या हाताने आशीर्वाद दिला. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, सासरे ताप बघून राहिले.

दुसरी सवय फ्यूजची. घरातला साधा बल्ब बदलायचा तरी ते मेन फ्यूज काढून खिशात ठेवत, म्हणजे दुसरं कुणी तो लावणार नाही. ही खात्याची शिस्त होती. एकदा बल्ब बदलला आणि त्याच सदऱ्यावर ते निलंग्याला लग्नाला गेले. दोन रात्री घर अंधारात. परत आल्यावर मावशी म्हणाली, "नवरा गावाला जावा, माझं काही म्हणणं न्हाई. फ्यूज तेवढा ठेवून जावा."

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले, ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मोठं नवं सबस्टेशन शहराकडे उभं राहिलं आणि आमच्या गावाबाहेरचं जुनं बंद पडलं. काका त्याच महिन्यात रिटायर झाले. टँकर दिवसाआड यायचा. अंघोळीला मला दोन तांबे पाणी मिळे. आणि काका रोज दुपारी एक तांब्या भरून त्या बंद सबस्टेशनला नेत. तिथे जमिनीत अर्थिंगचा एक खड्डा होता, मीठ-कोळसा घालून बुजवलेला. त्यातून जाडजूड तार जमिनीत उतरलेली. तो खड्डा ओला ठेवायचा असतो. पूर्वी ते काकांचं कामच होतं. आता ते कुणाचंच काम नव्हतं, म्हणून मावशीचा संताप.

ती मला म्हणाली, "तू कॉलेजात शिकून राहिलीस. तुझं ऐकतील. त्यांना सांग, नाहीतर मी बिलोलीला भावाकडं जाते." ती खरंच गाठोडं बांधून बसली होती. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. माझ्या शिक्षणावर एवढी जबाबदारी याआधी कुणी टाकली नव्हती. मी रात्रभर वाक्यं जुळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून गेले. फाटकावर कवटीची पाटी, गंजून डोळे तेवढे उरलेले. आत वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर तेलाचे काळे ओघळ. कंट्रोल रूममध्ये सगळ्या मीटरचे काटे शून्यावर झोपलेले आणि एका फुटक्या मीटरमध्ये चिमणीने काड्या रचलेल्या. काकांनी मला आधी काळ्या रबरी चटईवर उभं केलं. "इथून हलू नको, माय."

मग बाहेर जाऊन त्यांनी खड्ड्यात पाणी ओतलं, थेंबथेंब, पिंडीवर अभिषेक धरावा तसं. मी चटईवरूनच म्हटलं, "काका, आता यात करंट नाही ना."

"कोण म्हणतंय?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"माझ्या हेल्परला बी माहीत होतं." ते तांब्याकडे बघत म्हणाले. "तो मागचा मोठा दुष्काळ. तुझी मावशी बाळंतीण. घरात पाणी न्हाई. खड्ड्यात घालायचं पाणी मी आठ दिवस घरी नेलं. खड्डा वाळला. कुठंतरी बिघाड झाला आन् करंटला जमिनीत उतराया वाट न्हाई. त्यानं पॅनल पुसाया हात लावला. तो वाचला, पण बोटं वाकडीच राहिली. निलंग्याला चहाची गाडी हाय त्याची. कप धरतो, बशी धरता येत न्हाई."

"मावशीला माहीत आहे?"

"तिला कशाला? तिनं काय केलं त्यात?"

माझी सगळी जुळवलेली वाक्यं चटईवरच राहिली. घरी आल्यावर मावशीने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या वाटणीचा एक तांब्या त्यांना देत जा." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला बी करंट लागला व्हय?" पण गाठोडं सोडलं.

मावशीला वाचता येत नाही, या भरवशावर मी हे लिहिते आहे. तरी कधी कधी वाटतं, तिला सगळं ठाऊक असावं. मी पुढच्या शिक्षणासाठी नांदेडला निघाले त्या दिवसापासून घरात माझ्या वाटणीचं पाणीच उरलं नव्हतं. तरी उंबऱ्याशी भरलेला तांब्या होता. मावशी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "ऊन चढायच्या आत न्या म्हणावं."

मी काकांच्या पाया पडले. त्यांनी सवयीने हात पालथा करून माझ्या कपाळाला लावला. जरा थांबले, एखादी लाईन खरंच बंद आहे का हे पाहावं तसे. मग त्यांनी हात पलटला आणि तळवा माझ्या डोक्यावर ठेवला. तो खरखरीत होता, आणि तांब्याच्या पाण्याने थोडा ओला.