नगराध्यक्षांचं टेबल फिरतंय

आमच्या गल्लीत नळाला गढूळ पाणी येतं, हे सांगायला मी नगरपालिकेत गेलो, तर नव्या नगराध्यक्षांच्या दालनातून ठोकाठोक ऐकू येत होती. शिपायाने दारातच अडवलं. "आज नाही भेटणार, काका. मॅडमचं टेबल फिरतंय. वास्तुवाले आलेत."

मी आत डोकावलो. गवंडी पूर्वेची भिंत फोडत होता. तिथे पूर्वी दारच होतं. त्या दारातून अविश्वास ठराव आत आला म्हणून एका अध्यक्षांनी ते बुजवलं. पुढच्यांनी उत्तरेला नवं दार काढलं, त्यांच्यानंतरच्यांनी त्याचं कपाट केलं. टेबल ओढून ओढून फरशीवर चरे पडलेत. या पदाचा सगळा इतिहास तेवढाच! तोंड कुठे करून बसायचं याचा एवढा विचार, आणि आमच्या पाण्याचा? माझे केस पांढरे झाले, पाणी तसंच आहे.

पश्चिमेच्या खिडकीखाली चौकातला सार्वजनिक नळ आहे. तिच्याकडे तोंड करून बसलेला अध्यक्ष काही मी पाहिला नाही.

"आणि या खिडकीचं काय?" मी शिपायाला विचारलं.

"बुजवणार. पाठीमागे उघडं नको म्हणालेत."

मी आत शिरून त्या खिडकीतून खाली पाहिलं. नळापाशी हंडा घेऊन उभी असलेली एक बाई ठोकाठोक ऐकून वर बघत होती. चेहरा उजळला होता तिचा. तिला वाटलं असणार, काम सुरू झालं.