पहाटेचं कोमट पाणी

जयवंताबाईला पोहायला कुणी शिकवलं नाही. लोकर कातरण्याआधी मेंढरं तळ्यात धुवायची, एखादं बुजून खोलात गेलं की मागोमाग उडी टाकायची, त्यातच ती तयार झाली. लग्न होऊन जाफराबादजवळच्या वाडीत आली, पुढे नवरा गेला. पण रोज पहाटे शेतातल्या विहिरीत तासभर पोहणं काही सुटलं नाही. दीर सांडू त्यावरून कायम धुसफुसत असे.

१९९७ साली मालनबाई वाडीत शिबिराला आल्या. जालन्यात मस्तगडला राहायच्या, शाळेत खेळ शिकवायच्या. जयवंताबाईला पाझर तलाव न थांबता वीस वेळा ओलांडताना त्यांनी पाहिलं आणि हिमालयातलं एक तळं पोहून पार करायचं काढलं. बारा किलोमीटर, बर्फाचं पाणी. ही लगेच हो म्हणाली.

सांडूनं पारावर माणसं जमवली. "चाळिशीची बाई चड्डीवर पवणार म्हणे. घराची अब्रू बुडवून राह्यली."

"अब्रूला पवता येत न्हाई, त्याला मी काय करू, भावजी?"

माणसं हसली, ते सांडूला झोंबलं. "मंग शब्द दे. तळं पार झालं न्हाई तर जन्मात पाण्यात उतरायचं न्हाई. विहिरीत बी न्हाई."

"दिला," ती म्हणाली. रागात माणूस काहीही देऊन बसतं.

सहा महिने मालनबाईंनी तिला बर्फाच्या लाद्या टाकलेल्या हौदात बसवलं. तळ्यावर दोन दिवस दुपारचा सरावही नीट झाला. "उद्या ऊन चढल्यावर, दहाला उतरायचं," त्यांनी बजावलं.

जयवंताबाई ऐकेल तर ना. पौषातल्या पहाटे विहिरीवर वाफ धरते, बाहेर हुडहुडी आणि पाणी कोमट, हे तिनं जन्मभर अंगानं अनुभवलेलं. "पाणी पहाटंच ऊन असतंय. दहाला उतरून मरू का?"

"विहिरीला जमिनीची ऊब असते, बाई. हे बर्फ वितळलेलं आहे."

"पाणी ते पाणी. मला नका शिकवू."

झुंजुमुंजू झालं तेव्हा ती छातीभर पाण्यात होती. मालनबाईंना होडी घेऊन मागे धावावं लागलं.

पाणी कोमट नव्हतं. पहिल्या हातालाच तिला ते कळलं, पण कबूल कोण करणार? तिसऱ्या किलोमीटरला बोटं जुळेनात. पाचव्याला जीभ जड झाली. सातव्याला आपण नाकासमोर चाललोय असं तिला वाटत होतं आणि ती एकाच जागी गोल फिरत होती. मालनबाईंनी दंड धरला, तर त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. नावाड्यांनी ओढून काढलं.

शेकोटीपाशी शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "पाच राह्यले."

"दहाला उतरली असतीस तर..."

"गप बसा."

रेल्वेत दोन दिवस दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

वाडीत सांडू विहिरीवर चार माणसं घेऊन उभाच. "झालं का पार?"

"न्हाई. चूक माझीच. पाणी मला कळलं न्हाई."

"मंग शब्द?"

"रागात दिल्ता. शुद्धीत मोडते." तिनं कासोटा घट्ट केला आणि लुगड्यासकट उडी घेतली.

सांडू पुढे तीन वर्षं तिच्या हातचं जेवला नाही. तिनंही त्याला वाढलं नाही.